शेवटच्या गाण्याआधीचं बोलणं

आमच्या बँडचा एकच मोठा कार्यक्रम झाला, हिंजवडीच्या एका हॉलमध्ये. मी गायचे. गॉथिक रॉक म्हणजे नेमकं काय, हे चिखलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. काळे कपडे, डोळ्यांत बचकभर काजळ आणि मरणाची गाणी, एवढंच आईला दिसायचं. "कुणाच्या दहाव्याला चाललीस?" असं ती विचारायची. गिटार वाजवणारा कॉलेजातला मित्र होता. शब्द माझे, चाली त्याच्या. पुढे नोकऱ्या लागल्या आणि बँड आपोआप मोडला.

मध्यंतरी त्याचा मेसेज आला, की त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्यानं साफसूफ करून इंटरनेटवर टाकलंय. रविवारी सकाळी मी हेडफोन लावून बसले. आवाज खरंच छान काढला होता. मग शेवटचं गाणं आलं आणि मी उठून उभी राहिले.

ते गाणं माणसाचा हात मागणाऱ्या यंत्राचं आहे. माझे वडील चाकणजवळच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस चालवायचे. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर मालकानं माल लवकर निघावा म्हणून बंद करून ठेवला होता. वडिलांच्या उजव्या हाताची बोटं गेली. मालक मात्र सगळीकडे सांगत सुटला, की माणूस तंद्रीत होता. त्या कार्यक्रमात मी वाद्यं थांबवून हे सगळं सांगितलं होतं, आवाज फाटेपर्यंत. व्हिडिओत त्यातलं काहीच नव्हतं. टाळ्या, आणि लगेच गाणं.

मी तडक त्याच्या रहाटणीच्या फ्लॅटवर गेले.

"माझं बोलणं कुठंय?"

"अगं, फ्लो तुटत होता."

"खरं सांग."

त्यानं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "त्या मालकाचा मुलगा आता आमच्या कंपनीचा क्लायंट आहे. तू नाव घेतलं नव्हतंस, पण लोकांना कळतं ना. आणि आता जुनं उकरून काय मिळणार आहे?"

"जुनं? माझा बाप आजही डाव्या हातानं जेवतो. आणि त्याच गाण्यावर तू वाहवा घेतोयस. मग गाणंही काढ की."

"तू उगाच इमोशनल होतेयस."

एवढ्या वर्षांच्या मैत्रीत त्याचा इतका संताप मला कधी आला नव्हता. मूळ रेकॉर्डिंग दिल्याशिवाय मी हलणार नाही, असं सांगून सोफ्यावर बसून राहिले. शेवटी त्यानं पेन ड्राइव्ह आणून दिला, तोही उपकार केल्यासारखा.

घरी येऊन लॅपटॉपवर लावलं. वडील मागे येऊन कधी उभे राहिले, कळलं नाही. अपघातानंतर ते बरेच दिवस घराबाहेर पडत नव्हते, कार्यक्रमालाही आले नव्हते. मी तिथं काय बोलले, हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढ्या लोकांपुढं बोललीस हे?"

"हो."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

"आवडायचं काय त्यात? मी तंद्रीत नव्हतो. मी सांगून सांगून थकलो, कुणी ऐकलं न्हाई." त्यांचा आवाज चढला होता. त्या मालकाबद्दल ते रागानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. "टाक ते. अख्खं टाक."

मी टाकलं. दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला, काढून टाक म्हणाला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. ते वर्कशॉप चालूच आहे, उलट वाढलंय. माझ्या कंपनीची बस रोज त्याच्यासमोरून जाते. फाटकावर सुरक्षेचा मोठा बोर्ड लावलाय. तो दिसला, की माझं डोकं भडकतं, आणि ते शांत करावं असं मला मुळीच वाटत नाही.