साळवे सरांचा एक जून

गेलेल्या माणसाला हॅपी बर्थडे लिहिणं बंद करा.

सकाळपासून साळवे सरांच्या वॉलवर केकच केक. फेसबुकनं आठवण करून दिली आणि तुम्ही बटण दाबलंत.

सर काल दुपारी गेले.

आणि आज त्यांचा वाढदिवस नाही. कधीच नव्हता.

हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे, कारण ते माझ्यामुळेच उघडकीला आलं.

साल चौऱ्याहत्तर. जालन्यातलं कॉलेज, स्टॅटिस्टिक्सचा वर्ग, चाळीसेक मुलं आणि आम्ही तीन मुली.

सर तेव्हा नवे होते. घनसावंगीकडचे, इतकं शिकलेले घरातले पहिलेच. कुणी उठून नुसता आकडा सांगितला की चिडायचे.

"आधी आकार सांगा. गर्दी कुठं आहे, पसरलंय कुठवर, एकटं कोण पडलंय. आकडा मंग."

बोलता बोलता खडूनं हवेत टेकडी काढायचे. पाठ फिरली की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

प्रत्येकानं स्वतः डेटा जमवून जर्नलमध्ये आलेख काढायचा होता. कुणी तुरीच्या शेंगेतले दाणे मोजले, कुणी मित्रांची उंची.

मी कॉलेजभर फिरून दीडशे जणांच्या जन्मतारखा लिहून घेतल्या. मुलांशी बोलते म्हणून टोमणेही ऐकले.

महिन्यांचे बारा खांब उभे केले. अकरा खांब बोटभर.

जूनचा खांब ग्राफ पेपरवर मावेना. मी वर दुसरा कागद डिंकानं चिकटवला.

सरांनी जर्नल उघडलं, तो कागद उलगडला आणि अख्ख्या वर्गाला दाखवला.

"मिस म्हस्के, खोटा डेटा करायचाच, तर जरा मेहनत तरी घ्यायची."

लाल पेनानं आडवी रेघ. सही नाही.

सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसायचं नाही. म्हणजे वर्ष गेलं.

आणि जाफराबादहून मला पाठवताना वडिलांनी एकच अट घातली होती. एक वर्ष जरी वाया गेलं तर घरी यायचं आणि आलेल्या स्थळाला हो म्हणायचं.

स्थळ तयारच होतं. माणूस बरा असेल. मला बघायचा नव्हता.

मी उभी राहिले.

"सर, तुमची जन्मतारीख काय?"





"एक जून."

कुणीतरी फिसकन हसलं.

मग सरांनी सांगितलं, ज्यांची ज्यांची एक जून असेल त्यांनी उभं राहा.

बाकं करकरली. निम्म्याहून जास्त वर्ग उभा. मी उभी होतेच, आणि मीही त्यातलीच. टेबलापाशी सर.

"मला ठाऊक असून मला दिसलं न्हाई," सर म्हणाले.

आणि मग तो माणूस जो सुटला! दोन ढांगांत फळ्यापाशी. माझा खांब फळ्यावर काढला, तो वरच्या चौकटीला टेकला.

एका हुशार मुलानं घाईघाईनं मीन, म्हणजे सरासरी, काढून आणला. सरांनी बघितलासुद्धा नाही.

आम्हाला एकेक करून विचारलं, शाळेत नाव कसं घातलं? सगळ्यांचं उत्तर एकच. जूनमध्ये बापानं बखोट धरून नेलं. हेडमास्तरांनी डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावला. कान हाताला लागला, म्हणजे सहा वर्षांचा. तारीख? लिहा एक जून.

"बराबर. म्हणजे हा आकार बाळंतपणांचा न्हाई. हेडमास्तरांचा आहे."

वर्ग हसत असतानाच त्यांनी लाल रेघेच्या खाली सही केली.

"कागद तिरका चिकटलाय," एवढंच म्हणाले. माफी मागणं त्यांना तेव्हा जमायचं नाही.

पुढच्या सुट्टीत काम दिलं. आता आईला विचारून या.

कुणाची आई म्हणाली पोळ्याच्या आधी, कुणाची म्हणाली ज्वारी हुरड्यात आल्ती तेव्हा. तारीख एकीलाही माहीत नव्हती. महिना मात्र बहुतेकींना पक्का माहीत होता.

नवा आलेख काढला. जूनचा खांब पार बसला. गर्दी बाराही महिन्यांत पांगली, कुठं थोडी उंच, कुठं थोडी बुटकी. एकाच कागदावर मावली.

आयुष्यात मला इतका आनंद थोड्याच वेळा झालाय.

सरांनीही स्वतःच्या आईला विचारलं होतं. ती काय म्हणाली ते त्यांनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं.

"दोन वेचण्या झाल्त्या, तिसरी चालू व्हती. सकाळी कापूस वेचून राह्यले व्हते, दुपारी तू आलास. तारीख कशाला पाह्यजे रे, कोर्टाचं काम हाय का?"

म्हणजे संक्रांतीच्या अलीकडं कधीतरी.

तेव्हापासून दरवर्षी संक्रांतीच्या अलीकडं मी त्यांना पत्र टाकलं. नंतर फोन. एक जूनला कधीच नाही.

मी पास झाले. स्थळ दुसरीकडे गेलं, सुखी असेल. मी तीस वर्षं सरकारी सांख्यिकी खात्यात काढली. वयाच्या रकान्यात तीस, चाळीस, पन्नासवर गर्दी दिसली की हाताखालच्यांना विचारायची, हा आकार कुणाचा? माणसांचा की लिहिणाऱ्याचा?

आज सकाळी दवाखान्यात गेले होते. सरांचा मुलगा पुण्याहून निघालाय, तोवर कागद करायला कुणी नव्हतं.

क्लार्कनं जन्मतारीख लिहिली, एक जून. आधार कार्डावर तीच आहे. ती मी तशीच राहू दिली.

मग मृत्यूची तारीख लिहिली. आजची. एक जून.

मी म्हटलं, काल दुपारी गेलेत. खोडा.

"बाई, एका दिवसानं काय फरक पडतो?"

"पडतो. खोडा."

त्यानं खोडलं, एकतीस मे लिहिलं, शेजारी सही केली. सही होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

सर, एक तारीख तरी तुमची स्वतःची आहे.

तिसऱ्या वेचणीला तुमची आठवण काढीन. तुमच्या मिस म्हस्केचा शेवटचा नमस्कार.