कुडात खोचलेले विळे

घरोघरची माणसं मोजायचं काम आम्हा शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. दिवाळीनंतर पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर गेलो, तर निम्म्या घरांना कुलपं. एका दारात एक बाई नाचणी पाखडत बसली होती.

"घरात माणसं किती?" मी विचारलं.

हातातलं सूप न थांबवता ती म्हणाली, "गुरुजी, आजची लिवता का होळीची?"

माझ्या फॉर्मवर चौकट एकच होती.

ती उठून आत गेली. कुडाच्या भिंतीत विळे खोचले होते, माणशी एक. एकेकाला बोट लावत ती सांगू लागली. हा तिचा. हा नवऱ्याचा, तो भिवंडीकडे वीटभट्टीवर. हे दीर-जावेचे, ती दोघं ठाण्याला बांधकामावर. पाचव्या विळ्यावर गंज चढला होता. तिचं बोट तिथंच थांबलं.

"माजी पोरगी. गेल्या होळीला आली नाय. फोन बी लागत नाय." मग माझ्या पेनाकडे बघत म्हणाली, "पन लिवा. तुमी नाय लिवलं, तर मंग ती नायच ना."

मी पाच लिहिले.

होळीला माणसं परतली. पाड्यावरचा ढोल शाळेपर्यंत ऐकू येत होता. मी मात्र तिचं दार टाळून लांबच्या वाटेनं घरी गेलो.