शाईकाकांचा सांधा

वैद्यकीय कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक खोली होती. तिचा वास जिन्यावरच भेटायचा. या खोलीत शाईकाकांचं राज्य होतं. हुद्दा मदतनिसाचा, थाट न्यायाधीशाचा. खाटकाकडून बकऱ्यांची आतडी आणायची, धुवायची, तुकडे करून ट्रेमध्ये मांडायची. मग सर्जन होऊ पाहणारी पोरं-पोरी ते तुकडे मधोमध कापायची, टाके घालून पुन्हा जोडायची, आणि निकालासाठी काकांपुढे उभी राहायची. काका तुकड्याचं एक टोक दोऱ्यानं आवळत, दुसऱ्यात नळी खुपसत आणि निळी शाई मिसळलेलं पाणी सोडत. सांध्यातून निळं टिपूस डोकावलं, की लिलाव पुकारल्यासारखे ओरडत, "गळती!" नाहीच डोकावलं तर हिरमुसून म्हणत, "कोरडं आहे. पुढचा!"

ज्याची जशी गळती, तसं काका त्याचं नाव ठेवत. एक ‘ठिबक’ होता, एक ‘चाळणी’. एका बहाद्दरानं वरची बाजू खालच्या बाजूलाच शिवून टाकली. गळती शून्य, पण पाणी पुढेही सरकेना. तो ‘बूच’.

सगळ्यात गाजलं ते ‘कारंजं’. काडीसारखी एक मुलगी होती. काकांनी पाणी सोडलं आणि तिचा सांधा असा फुटला, की काकांचा नवाकोरा पांढरा शर्ट कॉलरपासून खालपर्यंत निळा झाला. ही हकीकत काका प्रत्येक नव्या तुकडीला सांगत, आणि दरवर्षी धार थोडी उंच जाई. हल्ली ती छताला लागत असे.

अशा या काकांच्या मोठ्या आतड्यात, अगदी खालच्या भागात, गाठ निघाली. तेवढा भाग कापून दोन टोकं जोडायची, असं ठरलं. काका घाबरले नाहीत. घाबरले ते ऑपरेशन करणाऱ्या मॅडम तपासायला आल्या तेव्हा. चष्मा आला होता, केस थोडे पिकले होते, पण ओळख पटायला वेळ लागला नाही.

"अगं," काका बायकोच्या कानाशी लागले, "ही तर कारंजं!"

"तेव्हा शिकत होत्या त्या."

"माझा शर्ट विसरलीस?"

"त्या शर्टाचं फडकं करून मी फरशी पुसतेय कधीची. तुम्ही पोटाचं बघा."

ऑपरेशन झालं. खरी पंचाईत पुढेच. काकांच्या खोलीतला कायदा एकच होता : दाब वाढला, की सांधा गेला. तेव्हा आपल्या पोटात दाब म्हणून येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. ओंडक्यासारखे पडून राहिले. श्वास घेत तोही उसना आणल्यासारखा, जपून. खोकला आला की गिळत. छाती मोकळी राहावी म्हणून सिस्टरनी तीन चेंडूंचं खेळणं दिलं होतं, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. काकांनी ते बायकोकडे दिलं. "तू ओढ." सिस्टरची पाठ वळली की बिचारी ओढायची. ती त्यात इतकी तरबेज झाली, की तिन्ही चेंडू वर टांगून ठेवू लागली.

रोज सिस्टर विचारायच्या, "काका, वारा सरला का?"

"नाही."

हे खोटं नव्हतं. वारा कालपासून दारात उभा होता. काका दाराला पाठ लावून बसले होते.

चौथ्या दिवशी ताप आला. सांधा निसटायचा तर याच दिवसांत, हे काकांना पाठ होतं. निसटला तर पोटात घाण, पुन्हा ऑपरेशन, पोटावर पिशवी, आणि तेही निभावलं तर. त्यांनी बायकोचा हात धरला. "माझी सायकल तुझ्या भावाला देऊ नकोस."

मॅडम जवळजवळ पळतच आल्या. काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शाईच्या नळीकडे बघत उभ्या असलेल्या त्या काडीसारख्या मुलीचा चेहरा असाच होता. मॅडमनी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. मग छातीला स्टेथोस्कोप लावला.

"मोठा श्वास घ्या."

"नको. सांधा जाईल."

"काय?"

आता बायकोला राहवेना. "चेंडू मीच उचलते हो, मॅडम! हे खोकतसुद्धा नाहीत. आणि वारा तर धरून ठेवलाय!"

मॅडम खाटेच्या कडेवर टेकल्या. "काका, तुमच्या ट्रेमधलं आतडं मेलेलं असतं. तिथं सगळा भार टाक्यांवर. जिवंत माणसात टाके नुसते दोन टोकं जवळ धरतात, जोडतं ते शरीर. रक्त नीट पोचलं पाहिजे आणि ओढाताण नको. दोन्ही बघितलंय मी. पोट बंद करण्याआधी सांधा पाण्याखाली धरून खालून हवाही भरली. बुडबुडा नाही आला."

"माझ्यासारखी परीक्षा घेतलीत?"

"तुमचीच भीती! म्हटलं, शुद्धीवर येताच ओरडाल."

"मग ताप कसला?"

"छातीत कफ धरलाय, श्वास चोरून चोरून. रक्त तपासतेच, शंका आली तर स्कॅनही करू. पण आधी खोका."

काकांनी पोटावर उशी धरली आणि एक लाजरा खोकला काढला. काही फुटलं नाही. दुसरा जरा धीट निघाला. तिसऱ्याला सगळा जोर लावला, आणि दाराला लावलेली पाठ सरकली.

समोरच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. दूर टेबलाशी सिस्टरनी मान वर केली. काकांनी मात्र सवयीनं आधी चादर उचलून कुठे डाग पडलाय का ते पाहिलं.

मॅडमनी पुन्हा पोटावर हात ठेवला. काका श्वास रोखून बसले, आणि आपण तो रोखलाय हे ध्यानात येताच घाईघाईनं सोडला.

"कोरडं आहे," मॅडम सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पुढचा!" आणि शेजारच्या खाटेकडे वळल्या.

काकांनी डोळे पुसले आणि बायकोपुढे हात केला. "दे ते चेंडू इकडे."

"थांबा हो," नळी तोंडात धरूनच ती म्हणाली, "माझे आत्ताच तिन्ही वर गेलेत."