नलूच्या नावावरची भीती

आमच्या कुटुंबात विमानाला घाबरणारी बाई म्हणून माझी पत्नी नलू प्रसिद्ध आहे. ती घाबरत नाही. घाबरतो मी. एवढी तीन छोटी वाक्यं लिहायला मला बावीस वर्षं लागली.

तेव्हा मी दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत होतो आणि आम्ही रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. नलू गच्चीवर पापड वाळत घालायची आणि पालमकडे उतरणारी विमानं बघत उभी राहायची. कावळ्यांना हे ठाऊक होतं. आमच्या निम्म्या पापडांवर कावळेच जगले.

"अहो, वरून ढग कसे दिसत असतील हो?"

"कापसासारखे."

"तुम्ही पाहिलेत?"

"नाही."

"मग कशाला सांगता?"

पुढे मला बढती मिळाली आणि रजा-प्रवासाच्या सवलतीत विमान बसू लागलं. ही बातमी मी तीन वर्षं घरी कळू दिली नाही. शेवटी शेजारच्या शर्माजींनी जिन्यात विचारलं, "भाभीजी, अब तो हवाई जहाज़ से जाते होंगे?" त्या संध्याकाळी मला वरण पातळ मिळालं. पुढच्या महिन्यात आम्ही पुण्याच्या विमानात होतो.

नलू खिडकीशी, मी मध्ये. तिचं नाक काचेला टेकलेलं. मी समोरच्या खिशातलं सुरक्षेच्या सूचनांचं पत्रक तीनदा वाचलं. (सवयीने खाली सही करून पुढे पाठवणार होतो.) मग विमानाचं दार बंद झालं. लोखंडी कपाट लावल्यासारखा आवाज आला आणि त्या कपाटात आपण आहोत, हे माझ्या लक्षात आलं. हात आपोआप वर गेला आणि डोक्यावरचं बटण दाबून खाली आला.

हवाई सुंदरी वाकून म्हणाली, "जी सर?"

इथे माझी नोकरी आडवी आली. आपल्या टेबलावर नको ती फाइल आली, की ती हळूच शेजारच्या टेबलावर सरकवायची, हे मी आयुष्यभर केलं. शेजारी नलू होती.

"मेरी मिसेस को घबराहट हो रही है."

नलूने काचेवरून नाक काढलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या कोपरात रुतलेल्या माझ्या बोटांकडे.

"हां जी," ती म्हणाली. "बहुत."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण आमच्या ऑफिसात तक्रारीवर कारवाई व्हायला जेवढी वर्षं लागायची, तेवढे सेकंदही इथे लागले नाहीत. "मॅम को खिड़की से हटा दीजिए," ती मुलगी म्हणाली. नलू मध्ये आली आणि विमानातला सगळ्यात घाबरलेला माणूस खिडकीशी बसला! उड्डाण झाल्यावर मी पहिलं काम केलं ते खिडकीची झडप खाली ओढण्याचं. नलूसाठी, अर्थात.

मग तिच्यासाठी लिंबूपाणी आलं. ते मी प्यायलो. गोळ्या आल्या, त्याही मीच चघळल्या. पलीकडच्या रांगेतले एक वयस्क डॉक्टर उठून आले आणि त्यांनी नलूची नाडी पाहिली.

"बहनजी, नब्ज़ तो बिल्कुल ठीक है," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. "भाईसाहब, ज़रा आपका हाथ?"

मी हात खिशात घातला. "मैं तो आता-जाता रहता हूँ."

ते गेल्यावर नलू हळू आवाजात म्हणाली, "अहो, झडप थोडी वर करता? चार बोटं."

मी डोळे मिटून चार बोटं वर केली. ती माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकली आणि तिने त्या चार बोटांच्या फटीला डोळे लावले. विमानाचा आवाज कुठेतरी लांब गेल्यासारखा झाला. मी एक डोळा किलकिला केला. बाहेर बघण्याची हिंमत नव्हती, म्हणून तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालावर एक पांढरा उजेड पडला होता. तसला उजेड मी आमच्या गच्चीवर कधी पाहिला नव्हता.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"कापसासारखे नाहीत. दुधावर फुंकर मारली की साय सुरकुतते ना, तसे."

तेवढ्यात ती मुलगी आली. "सर, प्लीज़. मॅम के लिए बंद रखिए."

मी झडप बंद केली. पाप लागलं असेल तर त्या क्षणी.

पुण्यात दाराशी चाकांची खुर्ची हजर! नलू तीत पर्स मांडीवर घेऊन बसली आणि मी ताठ मानेने मागून चाललो. बाहेर तिचा भाऊ बाळू उभा होता.

"ताई! काय झालं गं?"

"काही नाही रे. विमानात जरा घाबरले."

बाळूने ही बातमी त्या आठवड्यात अख्ख्या पुण्यात पोचवली. त्यानंतर आम्ही कायम रेल्वेने गेलो. आमचा मुलगा मिलिंद बायको-मुलीला घेऊन अंदमानला निघाला, तेव्हा म्हणाला, "आई, तुला विमान झेपत नाही, नाहीतर नेलं असतं." नलूने त्यांना डबाभर लाडू करून दिले. मी शेजारी उभा राहून ते डब्यात भरले. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी लाडू मोजले.

आता आम्ही मिलिंदकडे गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर असतो. बाल्कनीसमोरून विमानं जातात. नलूचा चहा तिथे रोज गार होतो.

गेल्या महिन्यात पुण्यात बाळूच्या मुलाचं लग्न होतं. मिलिंद रेल्वेची तिकिटं काढत होता आणि नात रेवा नलूला चिडवत होती, "आजी, तू बिल्कुल डरपोक आहेस यार." नलू हसली.

"विमानाचं काढ," मी म्हणालो. "आणि तिला खिडकी."

माफी वरच मागायची, असं मी ठरवलं होतं. जिथे गुन्हा झाला, तिथेच. वाक्यंही पाठ केली होती. विमान ढगांत शिरलं. "नलू, त्या वेळी मी," एवढं बोललो आणि विमान खाली दचकलं. माझा हात वर गेला आणि बटण दाबून आला.

"जी सर?"

मी तोंड उघडलं. आवाज आला तो नलूचा. काचेवरचं नाक न हलवता ती म्हणाली, "मुझे ज़रा घबराहट हो रही है, बेटा. इनका हाथ पकड़ लेती हूँ, ठीक हो जाएगी."

आणि तिने माझा हात धरला. झडप या वेळी सताड उघडी होती आणि विमान ढगांच्या वर आलं होतं.

"आता तरी बघा," ती म्हणाली. "साय."

पुण्यापर्यंत दोन तास होते. माफीला दोन मिनिटं पुरली असती. पण मी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हणत होतो, आणि ती मध्येच कशी थांबवणार?