नऊ इंचांवर कराची

साऱ्या खानदेशात आमच्या अमळनेरच्या नानांइतका प्रवास कुणी केला नसेल, आणि तोही ओटा न सोडता. तरुणपणी ते मोजणी खात्यात जमिनीवर साखळी ओढायचं काम करत. नोकरी सुटली तेव्हा साखळी सरकारजमा झाली. काही जुने नकाशे मात्र, कसे कोण जाणे, नानांच्या ट्रंकेत राहिले. गल्लीतलं कुणी पारोळ्याला निघालं की नाना आडवे आलेच. कमरेचा मेण लावलेला दोरा काढायचा, नकाशावर दोन गावांमध्ये ताणायचा, फुटपट्टीला लावायचा आणि विचारायचं, "एका इंचाला चार मैल, तर पावणेतीन इंचांना कितला?" अकरा मैल हे उत्तर प्रवाशानेच द्यायचं. तोवर बैल जुंपलेले, बायका गाडीत ताटकळलेल्या.

एकदा त्यांनी पुतण्याचं वऱ्हाड असंच नेलं. दोन इंच, म्हणजे आठ मैल. न्याहारी करून निघालो तरी चालेल, असा हिशेब. दोरा सरळ होता. रस्ता बोरी नदीच्या प्रत्येक वळणाची विचारपूस करत चालला होता. मुहूर्त टळून गेल्यावर आम्ही पोचलो. मुलीचा बाप लाल झाला, पण नाना शांत. म्हणाले, "त्रैराशिक बरोबर शे. रस्ताच चुकीचा बांधला."

वडील गेले आणि चौथीतच माझी शाळा सुटली. नानांनी मला ओट्यावर बसवलं आणि पावसाळाभर त्रैराशिक शिकवलं. मी मुळातच घाबरट. चुकलो की कान पिळून म्हणायचे, "प्रमाण न सांगता नुसते इंच सांगतो तो लबाड!" त्यांचं हे एवढंच धर्मशास्त्र होतं.

पुढे एका ओळखीच्या माणसाने कळवलं, कराचीच्या एका कचेरीत नकाशे सांभाळायला पोऱ्या हवा आहे, त्रैराशिक येत असेल तर पाठवा. घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. पण माय दारात आडवी बसली. मी एकुलता एक. तिने नाही म्हटलं असतं तर मी गेलो नसतो, आणि तिने तोंड उघडलंच होतं.

"कितलं दूर शे, नाना?"

नानांनी हिंदुस्थानचा मोठा नकाशा पसरला. दोरा ताणला. कोपऱ्यात प्रमाण छापलेलं, इंचाला चौसष्ट मैल. मी मनात गुणाकार केला, पाचशे शहात्तर मैल. नानांनी फुटपट्टी बाजूला ठेवली. मग हाताची वीत करून तिला दाखवली.

"ही इतली, बाई. बठ्ठी मिळून नऊ इंच."

मायने त्यांची वीत नीट पाहिली, आणि उठून माझ्यासाठी दशम्या करायला बसली.

आज पोट भरतंय ते त्या नोकरीवर. पहिली रजा मिळाली ती तीन वर्षांनी. घरी पोचलो तेव्हा नाना ओट्यावरच होते. मायने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "इतलं जोडे शे, नऊ इंचांवर, मंग तीन वरीस कसाले लागनात रे?"

नानांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले.

"गाड्याच सावकाश चालतात, माय," मी म्हणालो.

"हो ना," नाना म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.