कोट काढून विचारलं तेव्हा

आमच्या रुग्णालयात बातमी कानोकानी फिरत होती, की संशोधन विभागातल्या ताईंचं त्या झोळीवाल्याशी जुळलंय. रोज संध्याकाळी दोघं वॉर्डात शेजारीशेजारी बसलेली दिसतात म्हणे. आता अशी बातमी पोटात ठेवायला मी काही संत नाही.

ताई पन्नाशीच्या. त्यांच्या गटातले सगळे डॉक्टर, आणि सगळे विभागप्रमुख सरांचेच विद्यार्थी. सर शिंकले की सगळ्यांचे रुमाल बाहेर. बैठक चहा निवायच्या आत आटपायची. गुडघ्याच्या नव्या ऑपरेशननंतर दुखणं फारच कमी होतं, असा ताईंचा पेपर होता. त्याच्याच जोरावर त्यांना बढती मिळायची होती.

मग वरून हुकूम आला, गटात दुसऱ्या विषयाचा माणूस घ्या. समाजशास्त्राचा हा झोळीवाला आला आणि बैठका लांबल्या.

"पेशंटला पांढऱ्या कोटातच विचारता का हो सगळे?" त्याने आल्याआल्या विचारलं.

"मग काय पायजम्यात जाऊ?" सर म्हणाले. हशा पिकला.

"कोटवाल्याला पेशंट 'बरं आहे'च म्हणणार. दुखतंय म्हटलं तर घरी सोडणार नाहीत, ही धास्ती."

हे कुणाला कधी सुचलंच नव्हतं. सुचणार कसं? सगळ्यांचे कोट एकाच खुंटीवरचे.

ताई तेवढ्या हसल्या नाहीत. तशाही त्या दमलेल्याच असायच्या. दिवसभर वॉर्ड, घरी सासूबाईंचं औषधपाणी, पायांवर कायमची सूज. त्यात आता घरी जायला उशीर व्हायला लागला. बातमी यजमानांपर्यंत पोचली.

"अगं, त्याला एकदा जेवायला तरी आण. बघू दे, माझ्यात काय कमी आहे."

"आणते. आधी त्याची झोळी धुवा तुम्ही," म्हणत ताईंनी खुर्चीतच डोळे मिटले.

सरांनीही बोलावून घेतलं. "कशाला उकरतेस? बढती तोंडाशी आलीय."

"माहीत आहे, सर. पण आता ते आकडे बघवत नाहीत."

खरं एवढंच होतं. कोटवाल्यांनी नुकतेच विचारलेले प्रश्न ताई आणि झोळीवाला त्याच पेशंटांना साध्या कपड्यांत पुन्हा विचारत होते. उत्तरं वेगळी आली. ताईंनी पेपर मागे घेतला. त्या वर्षी गटाचा एकच नवा पेपर निघाला, तो या दोघांचा. बढती दुसऱ्याला मिळाली.