विमानाला मोटर बसवली तेव्हा

बावन्नाव्या वर्षी माणसाला अक्कल आलेली असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी मला तेव्हा पाहिलं नव्हतं. चामोर्शीत आमचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवेलच्या जळलेल्या मोटरी यायच्या. हे त्या उघडायचे, मी तार भरायची. त्यामुळे जगातल्या कुठल्याही मोटरीतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्या बाईचा, म्हणजे माझा, ठाम समज होता.

ह्यांना एकच नाद, रिमोटचं विमान. नागपूरहून कुणाचं तरी जुनं आणलेलं, तीन हात रुंद पंखांचं. त्याचं इवलंसं इंजिन तेलावर चालायचं आणि एवढं कोकलायचं की शेजारच्या म्हशी दावं तोडायच्या. उडवायचे हे. मी शेपटी धरून बसायची आणि चिकट तेलाचे फवारे लुगड्यावर घ्यायची. रिमोट मागितला की एकच उत्तर, "तुले नाई जमत." मग मी काय करायची? दुपारी दुकानात कोणी नसलं की बंद रिमोट हातात घेऊन पंख्याकडे बघत तोंडानेच घूं घूं करायची. बावन्न वर्षांची बाई!

पुढे नागपुरात ते तेल मिळेनासं झालं आणि विमान कपाटावर चढलं. मी म्हटलं, "बॅटरीवरची मोटर बसवून देईन. पण पहिली उडान माझी. उतरेपर्यंत रिमोट माझ्याच हातात. मधात हात घालायचा नाई."

"विमानाले पंखा बसवून राह्यली काय?" हे हसले. "बरं, उडव. उडलं तर."

पार्सलने मोटर आली. लिंबाएवढी! हिच्यात तार भरायला मुंगी ठेवावी लागेल, असं मी दुकानभर सांगत सुटले. इंजिन काढलं, नाकातल्या लाकडात मुरलेलं तेल तीन दिवस पुसलं, मोटर स्क्रूंनी घट्ट बसवली, टाकीच्या जागी बॅटरी ठेवली. पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोललं तर शेपटी खाली. हे लांबून पेपर वाचत होते, पण राहवेना. "बॅटरी पुढे सरकव. अजून थोडी." सरकवली. विमान बोटांवर सरळ राहिलं.

डब्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की पंखा न लावता मोटर तपासा. आता मी तर गिऱ्हाइकांना वीस वर्षं बजावत आले होते की पंप पाण्याशिवाय चालवू नका, जळतो. कोरडी मोटर मी चालवीन? कागद मला शिकवणार? मी पंखा बसवला. विमान सुतळीने खाटेला बांधलं. समोर चक्कीवरून आणलेली मिरचीपूड निवायला पसरलेली, तिच्या पलीकडे हे चहा पीत बसलेले. पंख्याचा वारा मागे जातो, मिरची तर पुढे. भ्यायचं कशाला?

मी रिमोटवरची काडी वर ढकलली. मोटर उलटी फिरली.

अंगणात लाल ढग उठला. ह्यांच्या हातून कप सुटला. "जीव घेऊन राह्यली काय माह्या!" आणि पुढे शिंकाच शिंका. मीही शिंकत होते, रडत होते आणि हसू काही आवरत नव्हतं. तशातच बॅटरी काढली आणि मोटरीच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल केल्या. थ्री फेजचा पंप उलटा फिरला की आपण हेच करतो.

डोळ्यांवर ओला टॉवेल धरून ह्यांनी विचारलं, "कोणत्या दोन बदलल्या वो?"

"कोणत्याबी!"

धान निघून बांध्या, म्हणजे भाताचे वाफे, मोकळ्या झाल्या होत्या. रविवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. ह्यांनी विमान हातातून सोडलं आणि ते चढलं. आवाज नाही, तेल नाही, नुसती सर्रर! मी नाचलेच. पण विमान वळून आमच्याकडे येऊ लागलं, तेव्हा मी डावीकडे काडी दाबली आणि ते गेलं उजवीकडे, थेट सागाच्या झाडांवर.

"दे इकडे!" हे धावले.

"नाई!"

मी रिमोट छातीशी धरून बांध्यांमधल्या धुऱ्यावरून पळत सुटले. मागे हे ओरडतायत, "उलटं दाब! तोंड आपल्याकडे आहे त्याचं!" उलटं म्हणजे कुठलं, ते पळताना कोणाला कळतं? मग मी थांबले. विमानाकडे पाठ केली आणि मान वळवून खांद्यावरून बघितलं. आता त्याचं डावं ते माझंही डावं. काडी दाबली, विमान झाडांच्या शेंड्यांवरून वळून परत आलं. मान अवघडली तरी विमानाचं तोंड जिकडे तिकडे माझं, असं करत मी त्याला फेऱ्या मारायला लावत राहिले आणि हे कमरेवर हात ठेवून धापा टाकत बघत राहिले. हात मात्र मधे घातला नाही.

इंजिन मरताना खोकायचं. ही मोटर न सांगता गप्प झाली. बॅटरी संपली होती. मी काडी हळूहळू मागे ओढत नेली, विमान तरंगत खाली आलं आणि तणशीच्या ढिगात नाक खुपसून बसलं. काही मोडलं नाही.

हे ते उचलून घेऊन आले. केसांत तणस, चेहऱ्यावर लाडीगोडी. "आता मले दे एक चक्कर."

"बॅटरी चार्ज होऊ द्या," मी म्हटलं, "मग बघू."

चार्ज झाल्यावर मीच उडवलं. दुसऱ्या दिवशीही. ह्यांचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला, तोही मी दुकानात अडकले होते म्हणून.